मोडलेला कणा, अर्धी राहिलेली परिक्रमा: कमांडर अभिलाष टॉमी यांचं प्रकरण

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातून एक संदेश आला. त्याचा आशय असा: उलटलो, डोलकाठी गेली, पाठीला गंभीर दुखापत, उठता येत नाही. पाठवणारे होते भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी, वय ३९. गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत ते उतरले होते. बत्तीस फुटांच्या शिडाच्या नौकेत ते एकटेच होते आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ तिथून सुमारे १,९०० सागरी मैलांवर होतं. २९ एप्रिल २०२३ रोजी हाच माणूस पाठीत टायटॅनियमच्या सळ्या घेऊन त्याच शर्यतीची रेषा ओलांडत होता. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली होती आणि क्रमांक दुसरा आला होता.

आपल्याकडे ही गोष्ट सांगितली जाते ती जिद्दीची गोष्ट म्हणून. जिद्द होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण नुसत्या जिद्दीने मणके जुळत नाहीत आणि आठ महिने घराचा गाडाही चालत नाही. जखमी सैनिकाचं पुनर्वसन हा विषय निघाला की आपण लगेच त्याच्या मनोबलाकडे वळतो आणि बाकी सगळं गृहीत धरतो. मला या प्रकरणात तेच 'बाकी सगळं' महत्त्वाचं वाटतं: सुटका कशी झाली, शरीर कसं उभं राहिलं, नोकरीचं काय झालं, घराने काय उचललं. त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं.

माणूस कुठून आला

टॉमी मूळचे केरळचे. वडीलही नौदलात होते, त्यामुळे नौदलाची वसाहत आणि बदल्या हे लहानपणापासूनचं वातावरण. नौदलाची अकादमी तेव्हा गोव्यात मांडवीच्या मुखाशी होती (ती केरळातल्या एळिमलाला गेली नंतर, २००९ मध्ये). तिथून २००० साली ते अधिकारी म्हणून बाहेर पडले आणि डॉर्निअर या सागरी टेहळणीच्या विमानाचे वैमानिक झाले. म्हणजे पेशाने ते वैमानिक. शिडाची नौका हे त्यांचं वेड होतं. नौदलाने त्या वेडाला कामाचं रूप दिलं, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. भारतीय माणसाने एकट्याने, भारतात बांधलेल्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी घेतला होता. नौदलात त्यांनी स्वयंसेवक शोधला तेव्हा पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. दोंदे हे पाणबुड्या (डायव्हर) अधिकारी. नौका बांधणारा शोधता शोधता ते गोव्याच्या दिवाडी बेटावर पोचले. तिथे रत्नाकर दांडेकरांचा ॲक्वेरियस हा कारखाना होता. महासागर ओलांडणारी अशी नौका दांडेकरांनी त्याआधी बांधलेली नव्हती. तरी त्यांनी काम घेतलं. त्यातून ५६ फुटांची 'म्हादेई' उभी राहिली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली.

दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, चार बंदरांवर थांबत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करण्याचं काम टॉमींकडे होतं. लांबच्या प्रवासानंतर नौका बंदराला लागली की काय मोडलं, काय झिजलं, काय बदलायचं, हे त्यांनी हाताने शिकून घेतलं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या आयुष्यातली सगळ्यात उपयोगी शिकवणी हीच. मग १ नोव्हेंबर २०१२ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून तीच म्हादेई घेऊन ते निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी परत आले. १५१ दिवस, कुठेही न थांबता, बाहेरची मदत न घेता. असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. कीर्तिचक्र मिळालं.

इथवरचा आलेख चढताच आहे. पुढच्या पडझडीकडे बघताना तो लक्षात ठेवावा लागतो, कारण वादळात सापडलेला माणूस नवखा नव्हता.

शर्यत आणि तिचे नियम

१९६८ साली इंग्लंडहून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले, पोचला एकच: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची नौका 'सुहेली', ३२ फुटांची, सागवानी, आणि बांधलेली मुंबईत. त्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरवली गेली. अट अशी की तंत्रज्ञान त्या काळातलंच हवं. जीपीएस नाही. सूर्यतारे, त्यांची उंची मोजणारा सेक्स्टंट आणि कागदी नकाशे यांवर वाट काढायची. जीपीएस यंत्र नौकेवर असतं, पण मोहोरबंद, फक्त जिवावर बेतलं तर उघडण्यासाठी. नौकाही जुन्या धाटणीच्या, ३२ ते ३६ फुटांच्या.

टॉमींसाठी दांडेकरांनी गोव्यात सुहेलीचीच प्रतिकृती बांधली. नाव 'थुरिया'. म्हणजे मुंबईच्या नौकेचा आराखडा पन्नास वर्षांनी गोव्यात पुन्हा उतरला. १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोनहून शर्यत सुटली. टॉमी तेव्हा सेवेत असलेले अधिकारी होते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

वादळाचा दिवस

८२ दिवस झाले होते, सुमारे साडेदहा हजार सागरी मैल मागे पडले होते आणि टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते. २१ सप्टेंबरच्या वादळात वारा सत्तर नॉटच्या घरात गेला, म्हणजे ताशी जवळजवळ १३० किलोमीटर. लाटा चौदा मीटरपर्यंत. चार मजली इमारत चालून यावी अशा. थुरिया आडवी झाली आणि मग पूर्ण उलटी फिरून पुन्हा सरळ झाली.

पुढचं टॉमींनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. नौका उलटली तेव्हा ते बाहेर होते आणि त्यांनी डोलकाठीचा आधार घेतला होता. नौका सरळ झाली तशी डोलकाठी त्यांना घेऊन वर आली. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा वरच्या दोरखंडात अडकला होता आणि सगळं वजन त्या एका पट्ट्यावर होतं. पट्टा तुटला. ते खाली बूमवर, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्यावर, पाठीवर आपटले आणि तिथून डेकवर. डोलकाठीही मोडून पडली. उभं राहायला गेले तर पाय साथ देईनात. तशाच अवस्थेत सरपटत ते आत केबिनमध्ये पोचले.

त्यांचे पुढचे संदेश वाचले की कळतं, हा माणूस स्वतःची तपासणी करून अहवाल देत होता. पायाची बोटं हलतात. बधिरपणा आहे. खाता-पिता येत नाही. आणीबाणीच्या पिशवीपर्यंत पोचणं अवघड आहे. सॅटेलाइट फोन बंद पडला आहे. चालणं अत्यंत कठीण, स्ट्रेचर लागेल. घाबरल्याचा एक शब्द नाही, मदतीला येणाऱ्याने सोबत काय आणायचं ते मात्र त्यात आहे. पाठीच्या दुखापतीत पायाची बोटं हलणं ही डॉक्टरसाठी फार मोठी खबर असते, कारण मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही असा त्याचा अर्थ निघतो. पोटात आइस्ड टीशिवाय काही जात नव्हतं, तोही उलटून पडायचा. उचक्या थांबत नव्हत्या. बंकवर पडून, डोलकाठी नसल्यामुळे बेफाम डोलणाऱ्या नौकेत, तीन दिवस.

सुटका ही नशिबाची गोष्ट नव्हती

पृथ्वीवरचे सगळे समुद्र शोध आणि बचावासाठी देशादेशांत वाटलेले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जवळजवळ दहावा भाग येतो आणि थुरिया त्यातच होती. त्यामुळे सूत्रं कॅनबेराच्या बचाव समन्वय केंद्राकडे गेली. नौकेवरचं संकटसूचक यंत्र उपग्रहांमार्फत ठिकाण कळवत होतं. भारतीय नौदलाचं पी-८आय टेहळणी विमान मॉरिशसहून उडालं आणि २३ तारखेला त्याने थुरिया शोधली. डोलकाठी तुटून बाजूला लोंबकळत असलेली नौका फोटोत दिसली. आयएनएस सातपुडा आणि आयएनएस ज्योती या जहाजांना तिकडे वळवण्यात आलं. ऑस्ट्रेलियाची युद्धनौका बॅलरॅट पर्थहून निघाली. पण सगळ्यांत जवळ होतं ते 'ओसिरिस' नावाचं फ्रेंच जहाज, त्या भागातल्या मासेमारीवर लक्ष ठेवणारं.

आणि एक माणूसही निघाला होता. आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन हा स्पर्धक त्याच वादळात सापडला होता. त्याचीही डोलकाठी गेली होती. तो स्वतः धडधाकट होता. उरल्यासुरल्या सामानातून त्याने तात्पुरती डोलकाठी उभी केली आणि स्वतःच्या सुटकेचा विचार बाजूला ठेवून तो टॉमींच्या दिशेने नौका हाकू लागला. तो पोचण्याआधी ओसिरिस पोचलं. पण लंगडी नौका घेऊन, त्याच खवळलेल्या पाण्यातून, दुसऱ्याकडे जायला निघणं ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात फार मोठी वाटते.

२४ सप्टेंबरला ओसिरिसच्या माणसांनी रबरी होड्या उतरवल्या, थुरियावर चढले आणि टॉमींना स्ट्रेचरवर बांधून बाहेर काढलं. पाठ मोडलेल्या माणसाला हलत्या नौकेच्या अरुंद दारातून न वाकवता काढायचं, हे वाचायला सोपं आहे. तिथे एक चुकीचा हिसका आयुष्यभराचं अपंगत्व देऊ शकला असता. त्यानंतर मॅकगकिनलाही उचलून दोघांना हिंदी महासागरातल्याच ॲम्स्टरडॅम बेटावर नेण्यात आलं. या बेटावर कायमची वस्ती नाही, फक्त फ्रेंच संशोधन तळ आणि त्याचा छोटासा दवाखाना. २८ सप्टेंबरला सातपुड्याने टॉमींना तिथून घेतलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विशाखापट्टणमला आणलं. थुरिया तिथेच समुद्रात सोडावी लागली.

तीन देशांची यंत्रणा एका माणसासाठी हलली. त्यामागे वर्षानुवर्षांचे आंतरराष्ट्रीय करार, ठरलेल्या कार्यपद्धती आणि नौकेवर आधीच बसवलेली यंत्रं होती. जीपीएस नको म्हणणाऱ्या शर्यतीनेही संकटसूचक यंत्र सक्तीचं ठेवलं होतं. साहस करणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाने, मग तो सह्याद्रीत कडा चढत असो की अलिबागहून कयाक काढत असो, या प्रकरणातून उचलायची पहिली गोष्ट हीच: परतीची सोय निघण्याआधी करायची असते.

पाठीचा हिशेब

भारतात आल्यावर शस्त्रक्रिया झाली. मणके सांधण्यासाठी टायटॅनियमच्या सळ्या घातल्या आणि पाच मणके एकमेकांना कायमचे जोडले गेले. अशी शस्त्रक्रिया मज्जारज्जूला संरक्षण देते, पण किंमत घेते. जोडलेला भाग पुन्हा कधी वाकत नाही. त्याने जे वाकायचं ते काम वरच्या आणि खालच्या मणक्यांवर येतं. शरीराचा तोल सांभाळण्यासाठी पोट, पाठ, कंबर यांचे स्नायू नव्याने घडवावे लागतात. टॉमींना चालणं पुन्हा शिकावं लागलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर, पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या माणसाला, घरातल्या घरात पाऊल टाकायला.

या काळाबद्दल छापून फार कमी आलं. सुटकेला मथळे मिळाले, पुनरागमनाला मिळाले. मधल्या फिजिओथेरपीला कोण विचारतं! पण ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना माहीत असतं की खरा कस तिथेच लागतो. रोज तेच व्यायाम, प्रगती इतकी हळू की महिन्याभराने मागे वळून बघितल्याशिवाय दिसत नाही, आणि वेदना कधी निमूट बसते तर कधी रात्रभर जागवते. सेवेतला अधिकारी असल्यामुळे टॉमींना सैन्याची वैद्यकीय व्यवस्था आणि पगार यांचा आधार होता. औषधपाण्याचा खर्च आणि घरखर्च एकाच वेळी अंगावर येण्याची वेळ आली नाही. मासेमारीच्या ट्रॉलरवर किंवा छोट्या मालवाहू जहाजावर असाच पडून पाठ मोडलेला खलाशी आठवून बघा. कोकणच्या किनाऱ्यावर अशी माणसं आहेत. त्यांची जिद्द कमी असते म्हणून ती खाटेला खिळत नाहीत.

याच शरदात आणखी एक धक्का होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲडमिरल आवटी गेले. ज्यांनी हा सगळा ध्यास पेरला ते टॉमींची दुसरी परिक्रमा बघायला उरले नाहीत.

घर

टॉमी विवाहित आहेत, त्यांना दोन मुलगे आहेत. त्या घराच्या खासगी गोष्टींत मला शिरायचं नाही. पण या प्रकारच्या शर्यतीत घराला नेमकं काय सोसावं लागतं ते नियमांतूनच दिसतं आणि ते सांगायला हवं.

स्पर्धकाला सॅटेलाइट फोनवरून घरच्यांशी गप्पा मारता येत नाहीत. फोन आहे तो आयोजकांशी सुरक्षिततेपुरतं बोलण्यासाठी. ते संभाषण ध्वनिमुद्रित होऊन सगळ्या जगासाठी प्रसिद्ध होतं. म्हणजे नवऱ्याचा आवाज बायकोला ऐकायला मिळतो तो अनोळखी हजारो लोकांना मिळतो तसाच. नौका कुठे आहे ते नकाशावरच्या सरकत्या ठिपक्यावरून कळतं. ठिपका वाकडा गेला, थांबला, की घरी काळजी सुरू. २०१८ च्या त्या तीन दिवसांत आई, वडील, पत्नी यांच्यासमोर आयोजकांची पत्रकं आणि नौदलाचे फोन, एवढंच होतं. वडील नौदलातून निवृत्त झालेले. समुद्र काय करू शकतो ते त्यांना इतरांपेक्षा जास्त कळत असणार. अशा वेळी ते कळणं वरदान असतं असं मला वाटत नाही.

आणि मग तो माणूस म्हणतो, मला पुन्हा जायचंय.

कुटुंबवत्सल माणसाने असं करावं का? हा प्रश्न टाळून या प्रकरणाचा अभ्यास होणार नाही. मी बराच काळ दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. मुलं लहान, पाठीत सळ्या, पुन्हा तोच दक्षिणेचा समुद्र. नको म्हणायला कारणं भरपूर आहेत आणि ती म्हणणाऱ्याला भित्रा ठरवणं अन्यायाचं आहे. तरीही माझा कौल टॉमींच्या बाजूने जातो, कारण निर्णय ज्या पद्धतीने अमलात आला ती पद्धत जबाबदार माणसाची आहे. २००० साली सेवेत आलेला अधिकारी २०२१ मध्ये निवृत्ती घेतो, म्हणजे वीस वर्षांची सेवा पूर्ण होते. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी लागतात तितकी वर्षं. हा योगायोग असेल किंवा हिशेब, पण घराच्या दृष्टीने त्याचं मोल मोठं आहे. खर्चासाठी प्रायोजक शोधला, तो संयुक्त अरब अमिरातीतल्या बायनात या कंपनीच्या रूपाने मिळाला. थुरियासारखी प्रतिकृती पुन्हा बांधण्याचा मोह न धरता रस्टलर ३६ ही अशा समुद्रात पारखलेली, मजबूत नौका घेतली. भावनेच्या भरात निघालेला माणूस इतक्या गोष्टी जुळवत नाही.

आठ महिने वडील घरात नसतात तेव्हा ताप, शाळा, बँक, गळकं छप्पर हे सगळं एकटीवर येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या घरांतली माणसं जहाजावर असतात त्यांना हे नवीन नाही. त्या बायका कधी कुणाच्या भाषणात येत नाहीत. टॉमींच्या पदकामागे त्यांच्या घराचा जो भाग आहे तो असाच न दिसणारा आहे, आणि 'एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा' असं म्हणताना तो मनात धरायला हवा.

दुसरी खेप

४ सप्टेंबर २०२२ रोजी पुन्हा ले साब्ल दोलोनहून सोळा नौका निघाल्या. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, टॉमींच्या नौकेची मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन पुढचा भाग मोडला होता. तो घाईने दुरुस्त करून ते सुरुवातीच्या रेषेवर आले.

या शर्यतीत त्यांच्या वेगापेक्षा मला त्यांची दुरुस्तीकला लक्षणीय वाटते. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही. त्यासाठी नौकेच्या मागे विंडवेन नावाचं यंत्र असतं, वाऱ्याच्या दिशेनुसार नौका आपोआप मार्गावर ठेवणारं. त्याचं पाण्यातलं पातं मोडलं की खलाशाची झोप गेली, आणि झोप गेली की चुका सुरू. टॉमींची पाती मोडत गेली. सुटे भाग संपले. तेव्हा त्यांनी नौकेवरच्या शौचालयाचं दार काढलं, कापलं आणि त्यातून पातं घडवलं. हसू येईल, पण त्या दाराने शर्यत वाचवली. फाटलेली शिडं हाताने शिवली. वर काही अडकलं की डोलकाठीवर चढले. ज्या माणसाची पाठ डोलकाठीवरून पडून मोडली होती तो भर समुद्रात पुन्हा त्याच उंचीवर चढत होता. दोंदेंच्या मोहिमेत बंदरावर बसून शिकलेलं सगळं इथे कामाला आलं.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची नौका काही मिनिटांत बुडाली. ते तराफ्यावर अडकले. आयोजकांनी जवळच्या दोन स्पर्धकांना कळवलं: दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉइशेफर आणि अभिलाष टॉमी. दोघांनी शर्यत सोडून नौका वळवल्या. कर्स्टन जवळ होती, ती रात्रभर स्वतः सुकाणू धरून पोचली, लेहतिनेनना वर घेतलं आणि मग 'दर्या गायत्री' या मालवाहू जहाजाकडे सोपवलं. नियमानुसार दोघांना खर्ची पडलेला वेळ परत मिळाला, कर्स्टनला ३५ तास आणि टॉमींना १२. चार वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी एक आयरिश खलाशी वळला होता, तो आता दुसऱ्यासाठी वळला. समुद्रावर हे ऋण असंच फिरत राहतं आणि त्याची पावती कुणी मागत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये टॉमींनी केप हॉर्न, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक, ओलांडलं. आघाडीवर असलेल्या सायमन कर्वेनना बिघडलेल्या विंडवेनमुळे चिलीत थांबावं लागलं आणि चुरस उरली कर्स्टन व टॉमी यांच्यात. अटलांटिकमधून उत्तरेकडे येताना कधी ही पुढे, कधी ते. शेवटी २७ एप्रिलला कर्स्टन जिंकली. अशी जागतिक शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. २९ एप्रिलला टॉमी आले, २३६ दिवसांनी. पहिल्या तिघांत येणारे ते पहिले भारतीय. सोळांपैकी मुख्य वर्गात, म्हणजे वाटेत कुठेही न थांबता, शर्यत पूर्ण केली ती तिघांनीच.

या प्रकरणातलं काय लागू पडतं, काय नाही

जखमी सैनिकांसोबत काम करणाऱ्यांनी टॉमींचं उदाहरण वापरताना जपून वापरावं असं मला मनापासून वाटतं. "बघा, ते पुन्हा जगभर फिरून आले, तुम्ही का नाही?" हे वाक्य खाटेवरच्या माणसाला मारक ठरतं. टॉमींची पायाची बोटं पहिल्या दिवशी हलत होती. सगळ्यांची हलत नाहीत. त्यांच्यामागे नौदल होतं, नंतर प्रायोजक होता, आणि हजारो मैल समुद्रावर काढलेलं शरीर होतं.

लागू पडतं ते वेगळंच. त्यांना परतायला एक ओळखीचं काम होतं, ज्यात त्यांचं ज्ञान दुखापतीने कमी केलं नव्हतं. मणके जोडले गेले तरी वारा वाचण्याची नजर तशीच होती. पुनर्वसनात बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं: जखमी माणसाला सोयीचं म्हणून टेबलाशी बसवलं जातं आणि त्याला जे सर्वांत चांगलं येतं त्यापासून तोडलं जातं. त्याऐवजी पहिला प्रश्न असा विचारायला हवा की तुमच्या हातात अजून कोणतं कसब शाबूत आहे. दुसरा प्रश्न त्याच्या बायकोला, आईला विचारायचा: तुमच्यावर काय काय आलंय, आणि त्यातलं कोणतं ओझं आम्ही उचलू शकतो? आपल्याकडच्या अर्जांत या दुसऱ्या प्रश्नासाठी रकानाच नसतो.

टॉमींचं कसब पुढे कुठे गेलं ते नोंदवायला हवं. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींना दोघींच्याच बळावर पृथ्वीप्रदक्षिणेसाठी तयार करण्यात आलं, तयारी तीन वर्षांची, आणि मार्गदर्शक अभिलाष टॉमी. नौका 'तारिणी', तीही दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या गोव्याहून निघाल्या आणि केप हॉर्न वळसा घालून २९ मे २०२५ रोजी दोघी गोव्याला सुखरूप परतल्या.